तारकर्लीवरून चौदा मिनिटं

गोव्याला माझी बदली झाली तेव्हा मी कॉर्पोरल होतो. त्याआधी पंजाब झालं होतं, आसाम झालं होतं. समुद्र दिसेल अशी ही पहिलीच पोस्टिंग. ऐंशीच्या दशकाचा तो मधला काळ. गोव्याच्या विमानतळावर हवाई दलाची एक लहानशी तुकडी होती. एक मालवाहू विमान, एक हेलिकॉप्टर, त्यांची माणसं, आणि कंट्रोल टॉवरमध्ये आम्ही तिघे-चौघे असिस्टंट.

मी मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याचा. घरी भातशेती आणि थोडे काजू. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला माणूस. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. मग एअरमन म्हणून भरती झालो तेव्हा वाडीतले लोक वडिलांना म्हणाले, एवढा शिकून शेवटी शिपाईच झाला. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. टॉवरमध्ये बसून मी जे काम करत होतो ते चोख करत होतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

काम काय, ते थोडक्यात सांगतो, कारण लोक नेहमी चुकीचं समजतात. लोक विचारतात, मुंबईहून गोव्याला विमानाने किती वेळ लागतो? त्यांना वाटतं अंतर घ्यायचं, वेगाने भागायचं, झालं. तसं नसतं. मुंबई ते गोवा सरळ हवाई अंतर दोनशे तीस नॉटिकल मैल. आमचं दोन इंजिनांचं विमान ते सवा तासात कापायचं. पण समोरून वारा असेल तर जास्त, पाठीवर असेल तर कमी. वर चढताना वेग कमी, खाली उतरताना वेगळा. पावसाळ्यात ढग टाळायला वळसा घ्यावा लागतो. हे सगळं धरून विमान किती वाजता पोहोचेल ती वेळ काढायची, आणि विमान वाटेत ठरलेल्या ठिकाणांवरून बोललं की ती वेळ पुन्हा तपासायची. त्या वेळेला विमान दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर का नाही, हे कोणीतरी विचारलं पाहिजे. ते विचारणारे आम्ही.

मुंबईहून येताना शेवटचं बोलण्याचं ठिकाण होतं मालवण. विमान मालवणच्या समोर आलं की कॅप्टन सांगायचा, "अ‍ॅबीम मालवण." तिथून गोव्याची धावपट्टी शेहेचाळीस मैल. चौदा मिनिटं.

दर गुरुवारी मुंबईला जाऊन येणाऱ्या या विमानावर सार्जंट रमाकांत कुबल फ्लाइट इंजिनियर होता. इंजिनं, इंधन, तेल, वीज यांच्यावर लक्ष ठेवणारा माणूस. तो मालवणजवळच्या तारकर्लीचा. घर मासेमारीचं, माडांच्या बनात, वाळूला लागून. रँकने तो मला सीनियर, पण पहिल्या दिवशी मेसमध्ये माझं बोलणं ऐकून त्याने हातातला मग खाली ठेवला.

"खंयचो रे तू?"

"मसुऱ्याचो."

"म्हणजे चिखलातलो. पोवाक येता?"

"नाय."

"मगे समुद्रावर ड्युटी लागली तर काय करशीत? भागाकार?"

तेव्हापासून तो मला भागाकार म्हणायचा. ऑफिसरांसमोर मी परब, एकटे असलो की भागाकार.

त्याच्याबरोबर मी तारकर्लीला तीन-चारदा गेलो. तेव्हा गोव्याच्या विमानतळावरून तारकर्लीला जायचं म्हणजे दिवसाचं काम. आधी पणजी, मग म्हापसा, मग बांद्याला उतरून सावंतवाडीची गाडी, तिथून कुडाळ, कुडाळहून मालवण, आणि मालवणहून पुढे मिळेल ते. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोहोचायचा. त्याची आई, भागीरथीकाकी, अंगणात भांडी घासत असायची. आम्हाला बघून ती आधी हसायची नाही, आधी भांडायची.

"गुरवारी माज्या घरावरसून गेलस मा रे तू?"

"होय गे."

"मी आयकलंय. मगे थंय जावन उतरलस, आनि आता बांद्यासून तीन यष्टये बदलून परत हय इलस. हयच उतराक काय झाला होता?"

मी म्हटलं, "काकी, विमान मधी थांबणा नाय."

"कित्याक? हात केल्यार यष्टी थांबता मा?"

"तां यष्टी न्हय."

"मगे शिकलास कित्याक तुमी एवढे?"

कुबल हसून हसून खांबाला टेकला. चौदा मिनिटांचं अंतर, आणि जमिनीवरून अख्खा दिवस.

एका रविवारी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, माडाच्या झापांनी शाकारलेल्या मांडवाखाली बसलो असताना कुबलने मला त्याच्या वडिलांची गोष्ट सांगितली. तो शाळेत असताना वडील होडी घेऊन गेले आणि आले नाहीत. होडी उलटलेली दुसऱ्यांनी पाहिली होती. पण दोन दिवस गावात कोणी काकीला ते सांगितलं नाही. जो भेटेल तो म्हणायचा, तो वाऱ्याने अडकलो असतलो, देवगडाक लागलो असतलो. तिथल्या लोकांची ती रीत होती. माणूस दर्यात असताना त्याच्या आईसमोर, बायकोसमोर वाईट शब्द काढायचा नाही. तिने स्वतः तोंडाने म्हणेपर्यंत गावाने म्हणायचं नाही. म्हटलं तर ते खरं होतं, असं ते मानायचे.

"आनि काकी काय म्हणाली?" मी विचारलं.

"दोन दिस तेच्यासाठी भात शिजवल्यान. तिसऱ्या दिसा तिणाच इचारल्यान, खंय बुडालो ता सांगा."

एवढं बोलून त्याने विषय बदलला.

तो गुरुवार ऑगस्टमधला होता. नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते. मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. सकाळपासून ढग खाली होते, पण उडता येणार नाही इतके नव्हते. विमान सकाळी मुंबईला गेलं, सामान घेतलं आणि दुपारी परत निघालं. विमानात पाच जण. कॅप्टन स्क्वाड्रन लीडर मेनन. को-पायलट फ्लाइंग ऑफिसर बर्मन. एक नॅव्हिगेटर. फ्लाइट इंजिनियर कुबल. आणि सामान बघणारा कॉर्पोरल यादव.

माझी ड्युटी होती. दोन वाजून पाच मिनिटांनी मेनन साहेबांचा आवाज आला.

"अ‍ॅबीम मालवण, पासिंग सिक्स थाउजंड. एस्टिमेटिंग फील्ड अ‍ॅट वन नाइन."

म्हणजे सहा हजार फुटांवरून खाली येतोय, दोन एकोणीसला पोहोचतो. आवाज नेहमीसारखा. थोडा कंटाळलेला. ड्युटी ऑफिसरनी हवामान आणि धावपट्टी सांगितली. उत्तरात "रॉजर" यायला हवं होतं. आलं नाही. पावसात कधी कधी रेडिओ तुटतो. ऑफिसरनी पुन्हा बोलावलं. मग दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर. मग पुन्हा पहिल्यावर.

दोन एकोणीस झाले. धावपट्टीच्या टोकाला पाऊस होता आणि पावसात काही नव्हतं.

नियमाप्रमाणे काही वेळ थांबायचं असतं. ऑफिसर थांबले नाहीत. त्यांनी फोन उचलला. खाली हेलिकॉप्टर उभं होतं. त्याचे कॅप्टन फ्लाइट लेफ्टनंट भल्ला जिना चढून आले, नकाशावर मालवणवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "परब, तुम्हारा इलाका है ना? बोली आती है?"

"आती है, सर."

"चलो."

हेलिकॉप्टरमधून मी आमचा किनारा पहिल्यांदा बघितला. वेंगुर्ला गेलं, निवतीचे खडक गेले. ढग इतके खाली होते की आम्ही माडांच्या थोडेच वर होतो. बाहेर समुद्रावर पावसाचे पडदे होते. त्यांच्या आत काही दिसत नव्हतं. त्या दिवशी त्या हेलिकॉप्टरला माणूस वर ओढायची दोरी बसवलेली नव्हती. इंधन हवं तेवढं नव्हतं आणि दुपार उतरत होती. भल्ला साहेबांनी हिशोब सांगितला. विमान मालवणजवळ पडलं की पुढे गोव्याच्या वाटेवर, हे कळलं पाहिजे. दोन्हीकडे शोधण्याइतकं इंधन नाही. एकच बाजू.

म्हणून आम्ही तारकर्लीच्या वाळूवर उतरलो. पंखा फिरतच ठेवला. दुसरा पायलट आत बसून राहिला, आम्ही दोघे उतरलो. तोपर्यंत निम्मा गाव किनाऱ्यावर आला होता.

मी पुढे झालो. रापणीचा म्होरक्या बाबी तांडेल सगळ्यांच्या पुढे उभा होता. साठीचा माणूस, छातीवर पांढरे केस, खांद्यावर टॉवेल. मला तो ओळखत होता.

"विमान बघलास काय रे कोणी?"

"आवाज आयकलो," बाबी म्हणाला.

"खंय गेला?"

"फुडे गेला. वेंगुर्ल्याच्या बाजूक."

"बघलास डोळ्यांनी?"

"गेला मरे. फुडे गेला."

मागून दोन-तीन आवाज आले. "होय, फुडे गेला." "गोव्याच्या वाटेक लागला."

भल्ला साहेबांनी विचारलं, "क्या बोलते हैं?"

"सर, साउथ बोलते हैं. आगे गया."

"ठीक है. चलो, चढो."

मी वळलो आणि थांबलो. मला एक गोष्ट खटकली. आमच्याकडे रस्त्यात नवी सायकल दिसली तरी लोक चार प्रश्न विचारतात. इथे भर पावसात वाळूवर हेलिकॉप्टर उतरलं होतं आणि 'काय झाला?' असं एकानेही मला विचारलं नव्हतं. सगळे तेच शब्द बोलत होते, आणि बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

मग मला ती दिसली. होड्यांच्या झापाजवळ, गर्दीच्या मागे, भागीरथीकाकी उभी होती. पदर डोक्यावरून घट्ट धरलेला. गुरुवार होता. तिला ठाऊक होतं त्या विमानात कोण असतं. गावाला ठाऊक होतं.

"सर, दो मिनट."

"किस लिए? टाइम नहीं है, परब."

"ये लोग सच नहीं बोल रहे, सर."

"क्यों?"

"पीछे कुबल की माँ खड़ी है."

भल्ला साहेबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं असेल असं नाही. पण ते म्हणाले, "जाओ."

मी तिच्याजवळ गेलो. काय बोलावं ते जुळवत होतो. तिला तिथून हलवलं तर बाकीचे बोलतील, असं माझ्या मनात होतं.

"काकी, तू जरा घराकडे जातस? माका ह्येंच्याशी बोलाचा आसा."

"माका घराकडे धाडून काय इचारतलस?"

पंख्याच्या वाऱ्याने वाळू आमच्या पायांवर येत होती.

"तेच्या बापाशीच्या टायमाक असाच केल्यानी," ती म्हणाली. "दोन दिस. वाऱ्यान अडाकलो म्हणान." मग ती गर्दीतून पुढे आली. लोक बाजूला झाले. बाबी तांडेलसमोर उभी राहून ती म्हणाली, "बाबी, खंय पडला तां दाखय तेंका."

बाबी खाली बघत राहिला. "वयनी, आमी काय..."

"मी बोललंय मा आता? पडला म्हणान मी बोललंय. तुमच्यार काय नाय. दाखय."

बाबीने हात वर केला. दक्षिणेला नाही. सरळ बाहेर समुद्रात, जिथे पावसाचा सगळ्यात काळा पडदा होता.

"थंय. ढगातसून खाली इला. एका अंगान धूर व्हतो. माडांर येतला असा वाटला, पण वळला, भायर गेला. मगे पावसात गेला. मगे आवाज बंद झालो."

"पाण्यात आपटल्याचो आवाज?"

"नाय. हळू गेला. बसाक गेल्यासारख्या."

मी ते भल्ला साहेबांना सांगितलं. ते माझं वाक्य संपायच्या आत पळाले. जाताना हातातला वॉकी-टॉकी माझ्या छातीवर आपटून म्हणाले, "तुम यहीं रहो. बोट निकलवाओ. मैं ऊपर से दिखाऊँगा."

हेलिकॉप्टर उठलं. आता किनाऱ्यावर सगळे एकदम बोलू लागले. जी माणसं दोन मिनिटांपूर्वी तोंड उघडत नव्हती ती आता एकमेकांवर ओरडत होती. लाटा उंच होत्या. पौर्णिमेआधी होडी घालत नाहीत, ते नुसतं देवाधर्माचं नव्हे. त्या दिवसांत दर्या माणूस परत देत नाही.

"पुनवेक आठ दिस आसत, बाबीनू," कोणी तरी म्हणालं.

"दर्याक काय पंचांग वाचूक येता?" बाबी म्हणाला. "झाप काढा. नारळ हाडा."

नारळ काकीने आणला. तिच्या माडाचा. बाबीने तो लाटेत सोडला, दोन शब्द पुटपुटला, आणि सहा जणांनी होडी लोटली. पहिल्या लाटेने ती परत किनाऱ्याला आणून टाकली. दुसऱ्या लाटेनेही तसंच. तिसऱ्यांदा ती पलीकडे गेली.

मी मागे राहिलो. मला पोहता येत नव्हतं आणि माझ्याकडे हुकूम होता. मी वॉकी-टॉकी कानाला लावून वाळूवर उभा होतो. काकी माझ्या शेजारी उभी होती.

बऱ्याच वेळाने भल्ला साहेबांचा आवाज आला.

"परब, डिंगी दिसली. पिवळी रबरी होडी. दोन माणसं. टू सर्व्हायव्हर्स. हात हलवतायत. मी वर थांबतो, बोटीला माझ्याकडे येऊ दे." हे ते हिंदी-इंग्रजीत बोलले, पण मला ते आज आमच्याच भाषेत आठवतं.

काकीने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"दोघे आसत काकी. जित्ते."

"कोण?"

मी रेडिओवर विचारलं. साहेब म्हणाले, वरून कळत नाही. अंगावर तेल आहे, चेहरे काळे आहेत. फक्त दोन.

पाचांतले दोन. मी भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. पाचांतले दोन म्हणजे काय, हे मला आकड्यात सांगता आलं असतं. त्या वेळी मी ते डोक्यातून घालवायचा प्रयत्न करत होतो.

होडी परत यायला तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागला असेल. तो तास मी कुठल्याही घड्याळात मोजलेला नाही. काकी एकदाही बसली नाही. कोणी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, कोणी धीराचा शब्द बोललं नाही. सगळे होडीकडे बघत होते. मधूनच होडी लाटेत नाहीशी व्हायची आणि पुन्हा वर यायची.

होडी लागली तेव्हा काकी गुडघाभर पाण्यात गेली. बाबी पुढच्या टोकाला होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि तो बाजूला झाला. होडीच्या तळात दोघे पडले होते. एक फ्लाइंग ऑफिसर बर्मन. दुसरा नॅव्हिगेटर. बर्मनचा हात मोडला होता. दोघेही थंडीने कुडकुडत होते.

काकीने दोघांची तोंडं नीट बघितली. मग ती वळून बायकांना म्हणाली, "उबीक पेज घाला गे चुलीर. ह्यां पोरां गारठली." आणि स्वतःचा पदर तिने बर्मनच्या डोक्याला लावला आणि तेल पुसलं.

बाबीने पाण्याचा एक घोट घेतला, थुंकला आणि म्हणाला, "वयनी, आमी परत जातंव." आणि ते गेले. काळोख पडेपर्यंत दोनदा गेले. हेलिकॉप्टर इंधन संपत आलं तसं गोव्याला गेलं आणि परत आलं. दुसऱ्या दिवशी मोठी बोट आली. मेनन साहेब आणि यादव यांना दर्याने चार दिवसांत दक्षिणेच्या किनाऱ्यांवर आणून सोडलं. कुबल आला नाही.

टॉवरमधल्या त्या दिवसाच्या नोंदीत निघाल्याची वेळ आहे, मालवणची वेळ आहे, अंदाजे पोहोचण्याची वेळ आहे. पोहोचल्याच्या रकान्यात आडवी रेघ आहे. ती रेघ माझ्या हातची.

पुढच्या महिन्यात दुसरं विमान आलं, दुसरी माणसं आली. गुरुवार चालू झाला. कॅप्टनने "अ‍ॅबीम मालवण" म्हटलं की टॉवरमध्ये कोणी बोलत नसे. चहा आलेला असला तरी तसाच राहायचा. मग विमान दिसायचं, चाकं लागायची, आणि कोणीतरी खुर्ची सरकवायचं. मी त्यानंतर पंधरा वर्षं नोकरी केली. दुसऱ्या विमानतळांवर, दुसऱ्या अंतरांवर काम केलं. कुठलंही विमान शेवटच्या ठिकाणावरून बोललं की माझ्या आत चौदा मिनिटं सुरू होतात, मग तिथून धावपट्टी चार मिनिटांवर असो की चाळीस.

बर्मन डिसेंबरात तारकर्लीला आला. हाताचं प्लास्टर नुकतंच काढलेलं. मीच त्याला घेऊन गेलो, बांद्यावरून, त्याच तीन गाड्या बदलून. तो बंगाली. त्याला मराठी येत नव्हतं, काकीला हिंदी येत नव्हतं. मी मधे बसलो.

त्याने जे झालं ते सांगितलं. उजव्या इंजिनाला आग लागली. ती विझवता विझवता विमानातली वीज गेली, रेडिओ गेला. मग दुसरं इंजिनही धाप टाकू लागलं. गोवा गाठता येणार नाही हे मेनन साहेबांना कळलं. त्यांनी मागे वळून पाण्यावर उतरायचं ठरवलं. कुबल मागे गेला, त्याने दार आधीच उघडून बांधून ठेवलं, कारण पाण्यात गेल्यावर दार उघडत नाही. डिंगी मोकळी केली. पाण्यावर आदळल्यावर त्याने बर्मनला आणि नॅव्हिगेटरला बाहेर ढकललं. यादवचा पट्टा अडकला होता. कुबल तो सोडवायला परत आत गेला. मेनन साहेब पुढेच होते.

मी एकेक वाक्य मालवणीत सांगत गेलो. काकीने मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर ती माझ्याकडे वळली. बर्मनकडे नाही.

"वरसून खाली येवक किती वेळ लागलो तेंका?"

हा प्रश्न माझ्याच कामाचा होता. मी तो सोडवलेलाही होता. सहा हजार फूट उंची, खाली येण्याचा वेग, बर्मनने रुग्णालयात सांगितलेलं सगळं धरून. मला उत्तर माहीत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "वेळच नव्हतो काकी. कळूकच नाय तेका. डोळो लवासर झाला."

काकी म्हणाली, "तू पण बाबीसारखोच."

ती रागावली नव्हती. पण मला तिच्या समोर बसवेना.

"सात मिनटां," मी म्हटलं.

"सात."

"होय."

"आनि ढग खंय व्हते? घराच्या वर की खाली?"

"शेवटची दोन-तीन मिनटां ते ढगाच्या खाली व्हते."

"मगे तेणा घर बघल्यान असतला," काकी म्हणाली. आणि उठून आमच्यासाठी पानं मांडायला आत गेली.

बर्मनने विचारलं, "क्या कहा माँजी ने?" मी त्याला सांगितलं. तो बाहेर जाऊन माडाखाली उभा राहिला.

पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात कुबलच्या चुलत भावाने त्याचा म्हाळ घातला. मी रजा काढून गेलो होतो. म्हाळ म्हणजे आमच्याकडे पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या नावाने जेवण करतात आणि कावळ्यासाठी केळीच्या पानावर वाडी ठेवतात. स्वयंपाकघरात काकीने मला हाक मारली.

"तो मोठो सायब भात खायत मा?"

"मेनन साहेब? होय. ते केरळचे. भातच."

"आनि दुसरो?"

"यादव उत्तरेकडलो. तो चपाती खाय."

त्या घरात चपाती होत नसे. भात, पेज, घावणे, आंबोळ्या. चपातीचं पीठ तिने शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं होतं, मला विचारायच्या आधीच. गोल आली नाही. एका बाजूला जाड झाली, एका बाजूला करपली.

अंगणात तीन पानं ठेवली. रमाकांत कुबल. स्क्वाड्रन लीडर मेनन. कॉर्पोरल यादव. दोन पानांवर भात, वरण, वडे, भाजी. तिसऱ्यावर तेच, आणि भाताच्या जागी ती चपाती. आम्ही सगळे बाजूला होऊन उभे राहिलो.

काकी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिची पद्धत तिच्या पुतण्याच्या, म्हणजे कुबलच्या त्या चुलत भावाच्या, घरात अजून आहे. दर भाद्रपदात तीन पानं लागतात. घरातल्या नव्या सुनेने एकदा विचारलं, हा यादव आपला कोण? पुतण्याने सांगितलं, आपलाच. पीठ मळ.